मोडक्या पाकळीचा टाक

ये, बस असा. चपला असूंदे तिथंच, कोण उचलत नाय. तुझ्या मंडळींच्या पैंजणाच्या तुटक्या सांध्याला डाक दिलाय, तो निवेपर्यंत तुला हलता येणार नाय. तवर एक गोष्ट सांगतो, खरी. फक्त मधी बोलू नको, मी लगेच चुकतो.

पंधरा वर्सं झाली असतील. तवा पण मी पनवेलात ह्याच फळीवर बसायचो. एक दिवस भर दुपारची एक बाई आली. काखेत बोचकं, डोळे लाल. ओवे गावची हौसा, मिठागरावरच्या काशिरामची बायको. तिनं पदराची गाठ सोडली आणि रुपयाएवढा एक टाक माझ्यापुढं ठेवला. काळा, तव्याच्या बुडासारखा.

टाक तुला ठाऊक असंल. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकायचा, त्यावर देवाचं रूप उठतं. नायतर गेलेल्या माणसाचं. ह्याच्यावर बाई व्हती आणि वर कडी. कडी म्हणजे गळ्यात घालायचा. आमच्याकडं रीतच हाय, पहिली बायको मेली आणि माणसानं दुसरी केली, तर दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. तिचा मान असतो तो. नाय दिला तर ती रुसते म्हणतात.

"दादा, ह्यो कवाचा?" हौसा म्हणाली.

"गावला कुठं?"

"भाताच्या कणगीत. पार तळाला, चिंधीत बांधलेला. धा वर्सं झाली माझ्या लग्नाला. माझ्या आधी कोण व्हती म्हणून एका शब्दानं कोण बोललं नाय. दोन पोरं पोटातच गेली माझी, दादा. ती रुसली असंल तर रुसूंदे, तिचा हक्क हाय. पण मला सांगायला नको?"

"नवऱ्याला विचारलंस?"

"कशी विचारू? व्हय म्हणाला तर?"

मी टाक उचलून उलटापालटा केला.

"तुमी निस्तं कवाचा ते सांगा," ती म्हणाली. "जुना असंल तर असंल कोणा आजीपणजीचा. नवा असंल तर..." तिनं बोचकं जवळ ओढलं. "तर आपट्याची गाडी हाय साडेतीनला. माझा बाप अजून बसलाय तिथं."

आता बघ, काळी चांदी म्हणजे जुनी चांदी, असं गावभर सगळे समजतात. खोटं हाय. मिठागराच्या वाऱ्यावर नवी चांदी दोन पावसात काळी पडते. म्हणून मी रंग बघतच नाय, कडी बघतो. गळ्यातला दोरा कडीला आतून खातो. तीस वर्सं घातलेल्या टाकाची कडी केसासारखी व्हते. आणि ह्याची कडी? काल ठोकल्यासारखी! कडा बोटाला लागत व्हत्या.

मी शहाणा. पटकन बोललो, "नवा हाय. धाबारा वर्सांच्या वर नाय."

तिनं बोचकं उचललं आणि चालू पडली. टाक तिथंच राहिला.

"अगं, हा तरी घे!"

"ज्यानं लपवला त्याला द्या," म्हणाली, आणि गेली.

माझं मन काय लागंना. काशिराम माझ्या ओळखीचा, गरीब माणूस, बायकोपासून एवढं लपवील असं वाटत नव्हतं. म्हटलं, त्याला द्यायचाच हाय तर निदान धुऊन देऊ. चिंचेचं पाणी घेतलं, घासायला लागलो. बाईच्या भोवती पाकळ्यांची किनार वर आली. एक पाकळी, दुसरी पाकळी, आणि डाव्या अंगाला खाली एक पाकळी अर्धीच.

माझा हात तिथंच थांबला.

ती पाकळी मी मोडलीय. बापाचा काशाचा ठसा व्हता. नऊ वर्सांचा असताना तो माझ्या हातातनं पायरीवर पडला आणि टवका उडाला. बापानं असा हाणला की आठ दिस मला पाठीवर निजता येईना. दोन वर्सं त्यानं तसल्याच ठशावर काम केलं, मंग नवा केला, आणि मोडका ह्या डब्यात पडला तो पडलाच. आणि मी तर तवा चाळिशी उलटलेला. म्हणजे टाक तीसबत्तीस वर्सांचा! काशिराम तवा पाळण्यात. पाळण्यातल्या पोराला बायको कुठली?

दुकान तसंच उघडं टाकून मी स्टँडवर पळालो. धोतर एका हातात, टाक एका हातात. गाडी धूर सोडत उभी. खिडकीत हौसा.

"उतर खाली! मी चुकलो!"

कंडक्टर म्हणाला, "काय ओ, घरातली भांडणं घरात करा."

"तुझ्या घरातलं नाय ना? मंग घंटी मारू नको!"

उतरली बिचारी. मी तिला पाकळी दाखवली, सगळं सांगितलं. तिनं टाक उन्हात धरला, ती पाकळी बोटानं चाचपली. मंग म्हणाली, "तर मंग ही बाई कोण?"

ते मला पण पायजे व्हतं. मी तिच्यासंगं ओव्याला गेलो.

सत्यवती, काशिरामची आय, ओटीवर तांदूळ निवडीत व्हती. काशिराम नुकताच मिठागरावरनं आलेला, पाय धूत व्हता. मी टाक सुपात ठेवला. म्हातारीनं बघितला आणि तिच्या हातातला तांदूळ सांडला.

"बळीरामा, कुठनं काढलास?" मला म्हणाली.

"कणगीतनं," हौसाच बोलली. "आत्या, कोण ही?"

म्हातारीनं सूप बाजूला सारलं. मंग काशिरामकडं न बघता म्हणाली, "ह्याची आय. ह्याला जन्म देऊन बाराव्या दिशी गेली. मी दुसरी."

काशिरामच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मंग गळ्यात का नाय घातलास?"

"घातला व्हता रं. दोन वर्सांचा व्हतास. मांडीवर बसलास की टाक मुठीत धरायचास, आणि 'आये, ही कोण? ही कोण?' काय सांगू? ज्या दिशी सांगीन त्या दिशी मी तुझी आय राहाणार नाय, असं वाटलं. काढला, आणि कणगीत घातला." मंग हौसाचा हात धरला. "तुझी पोरं गेली ना, ती माझ्यामुळं. तिचा राग माझ्यावर, भोगलास तू."

 काशिरामनं सुपातला टाक उचलला, माझ्या हातात दिला.

"दादा, कडी मजबूत हाय काय?"

"हाय."

"मंग दोरा ओवा. आय घालंल."

"आता कशाला?" म्हातारी म्हणाली. "धनी पण गेला."

"धन्यासाठी नको. माझ्यासाठी घाल. आणि आये, भात वाढ, दादा उपाशी हाय."

आये म्हणाला, रोजच्यासारखंच. म्हातारी उठली, पण चुलीपाशी जाऊन लई वेळ पाठमोरीच उभी राहिली.

पुढं हौसाला पोरगी झाली. टाकामुळं का पनवेलच्या डाक्टरीणबाईमुळं, त्यातलं मला कळत नाय. सत्यवतीनं मातर तो टाक मरेपर्यंत काढला नाय. मागच्या महिन्यात गेली. परवा काशिराम आला, टाक घेऊन. कडी झिजलीय आता, हात लावून बघ. म्हणाला, "दादा, देव्हाऱ्यात दोघी पायजेत. आयचा पण टाक करा. त्याच ठशावर."

डबा काढला, मोडका ठसा पुसला, काल ठोकला. ठसा एकच, म्हणून दोघींचं तोंड पण एकच आलंय. काशिरामला चालंल, मला वाटतं.

फक्त डब्यात ठसे लई, माझी नजर आता पयल्यासारखी नाय, आणि एकदा तोंड उघडून चुकलोय. हे दोन्ही घे, दारात उजेडाला जा, आणि नीट बघून मला सांग: नव्यावर पण ती पाकळी अर्धीच उठलीय काय?