पाहुण्यांपासून लपवलेला वॉकर

मी एक जुना वॉकर आहे. चार चाकं, पुढे पिशवी, मध्ये दमल्यावर टेकायला फळी. कारखान्यात माझे ब्रेक तपासणाऱ्या माणसाने "पक्का आहे!" म्हणून माझ्यावर थाप मारली होती. तो तोरा मी अजून मिरवतो.

मित्रांनो, जपानमधल्या एका समुद्राकाठच्या गावात, शिगेनोआजींकडे माझी उभी हयात गेली. बाजारातून मुळे आणि मासळी मीच वाहून आणली. चढावर आजी माझ्या फळीवर टेकत, तेव्हा शेजारीण म्हणे, "शिगेनोबाई, तुमचा घोडा तुमच्यापेक्षा तरुण दिसतो हो!" आजी खुदकन हसत. पण पाहुणे येणार म्हटलं की हाच घोडा भिंतीतल्या कपाटात, गाद्यांच्या मागे. आपल्या दुखण्याखुपण्याने पाहुण्याला अवघडवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला तिचा भारी राग येतो.

त्या थंडीत आजी न्हाणीघरात पडल्या. मुलगी चिहारू ओसाकाहून धावत आली, पण तिची रजा संपत आली होती. आंघोळीला आणि संध्याकाळच्या जेवणाला मदतनीस हवी होती. तिच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. मात्र ती किती वेळ मिळणार हे ठरायच्या आधी नगरपालिकेचं माणूस घरी येऊन म्हाताऱ्या माणसाला काय जमतं, काय नाही ते पाहतं. मागच्या खेपेला आजींनी "सगळं छान" सांगितलं, आणि आठवड्यातून एकदा झाडलोट करणारी बाई तेवढी मिळाली. या वेळीही तसंच झालं तर चिहारूला नोकरी सोडावी लागणार होती.

तपासणीच्या सकाळी आजींनी केस नीट बसवले, ठेवणीतले कपडे घातले आणि मला कपाटाकडे ढकललं.

"आई, निदान आज तरी तो बाहेर राहू दे!"

"म्हणजे घराचा दवाखाना दिसू दे? पाहुण्या येताहेत, चिहारू!"

दार सरकून बंद झालं. अंधारात मी कान देऊन ऐकू लागलो.

"आजी, आंघोळ एकट्याने करता?" नगरपालिकेच्या मियोशीबाईंनी विचारलं.

"करते तर! मजेत डुंबते."

"आई, तू पडलीस ना परवा..."

"साबणावरून पाय सटकला गं. तुझा नाही कधी सटकत?"

"जरा उभं राहून दाखवता?"

आजी चटकन उठल्या. एरवी उठताना त्यांना माझे दोन्ही दांडे लागतात! चिहारू मान खाली घालून चहा ओतू लागली. पाहुण्यासमोर आईला खोटं कसं पाडणार? मी आत तडफडत होतो. अरे, बोला कोणीतरी!

शेवटी चहा संपवून मियोशीबाई उठल्या. "बसा आजी, येते मी."

आमच्याकडे पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवतात, आणि तो वळणाआड होईपर्यंत तिथेच उभं राहून वाकून निरोप देतात. आजींनी हे जन्मात चुकवलं नव्हतं. भिंत धरून टाकलेली त्यांची दोन पावलं मला ऐकू आली. तिसरं पडेना. मग कपाटाचं दार सरकलं.

"आई, अगं काय करतेस?"

"त्यांना पोचवायला नको? काढ याला बाहेर, लवकर!"

आम्ही घाईघाईने फाटक गाठलं. माझ्यावर सगळा भार टाकून आजी वाकल्या. वळणावर मियोशीबाई रीतीप्रमाणे मागे वळून वाकल्या, आणि मान वर करताना त्यांची नजर माझ्यावर पडली. त्या सरळ परत आल्या.

"आजी, पुन्हा विचारू? आंघोळ एकट्याने जमते?"

आता पुन्हा खोटं बोलतात की काय, या भीतीने माझी चाकं गारठली. आजींनी चिहारूकडे पाहिलं.

"नाही हो जमत," त्या म्हणाल्या, आणि माझ्या फळीवर बसून हमसून हमसून रडल्या. मियोशीबाईंनी तिथेच, फाटकात, सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले.

आता आजींकडे मदतनीस येते, आणि चिहारू ओसाकाला कामावर आहे. माझी रबरं झिजली आहेत, ब्रेक कुरकुरतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला दारातच उभा करा. येणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसू द्या. कपाटात फार अंधार असतो हो, आणि तिथून ओरडलेलं कोणाला ऐकू जात नाही.