गाडी लागली

माझा धाकटा दीर कमलेश याने सेकंड हँड गाडी घेतली, त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणं फिरून गाडीवर यायचं. गाडी फायनान्सवाल्याची, हप्ते कमलेशचे, आणि कौतुक मात्र आम्ही करायचं.

गाडी पांढरी. त्याच्याआधी दोघांनी वापरून टाकलेली. दुसरा मालक बोयसरचा कुणी ठेकेदार होता आणि त्याने मागच्या सीटवर पान खाऊन जे रंगकाम करून ठेवलं होतं ते कमलेशने नव्या कव्हरांखाली झाकलं. कव्हरं लाल, मखमली, लग्नातल्या खुर्च्यांना असतात तशी. त्यावर कुणी पाय ठेवला, कुणी पाणी सांडलं, की कमलेशचा जीव वरखाली. विमा मात्र सगळ्यात स्वस्तातला काढला. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याला भरपाई मिळते, स्वतःची फुटली तर घरी बसून रडायचं, असला तो विमा. "मी काय ठोकणारा माणूस आहे का वहिनी?" असं वर मलाच विचारलंन.

कमलेश तारापूरला एका केमिकल कंपनीत सुपरवायझर आहे. कामगारांना दिवसभर "ए, इधर आ" म्हणायची सवय. ती घरी आल्यावरही सुटत नाही. मी बोयसरच्या बाजारात मासळी विकते, रोज तऱ्हेतऱ्हेची माणसं बघते, आणि या माणसाला मी केव्हाच जोखलं होतं. तरी तोंडावर कधी बोलले नाही. माझ्या भाविकाला त्याच्या कंपनीच्या लॅबमध्ये चिकटवायचं त्याने कबूल केलं होतं. मुलीची नोकरी ज्याच्या हातात, त्याच्या गाडीला हसायचं नसतं.

आमच्याकडे गाडी नवी असो की जुनी, डहाणूच्या महालक्ष्मीला नारळ फोडल्याशिवाय ती घरची होत नाही. म्हणून रविवारी आम्ही निघालो. पुढे कमलेश आणि त्याची बायको दीपिका, मागे मी आणि चिमीमावशी. मावशी कमलेशच्या आईची सख्खी बहीण, सत्तरीच्या पुढची. वाऱ्यावादळात होडीतून खाडी पार केलेली बाई, पाण्यात तिच्या पोटातलं पाणी कधी हललं नाही. पण काचा बंद करून गाडीत बसवली की तिला गाडी लागते. डोकं गरगरतं, मळमळतं, मग उलट्या. हे सगळ्या घराला ठाऊक आहे.

"कमल्या, काच उगड. मना गाडी लागते," मावशीने गाव सुटायच्या आतच सांगितलं.

"एसी चालू आहे, मावशी. काच उघडली तर एसीचा उपयोग काय?"

एसीतून वारा येत होता तो कोमट. त्यात पुढे लटकवलेल्या कसल्याशा डबीतून गुलाबाचा असा वास मारत होता, की धडधाकट माणसालाही भोवळ यावी. जाताना मावशीला दोनदा उतरवावं लागलं. दोन्ही वेळा कमलेश खाली उतरून मावशीकडे नाही, सीटकडे बघत होता.

नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, फोटो निघाले. परतीच्या वाटेवर मावशी डोळे मिटून माझ्या खांद्यावर पडली होती. वाणगाव मागे पडलं आणि ती एकदम ताठ बसली. "थांबव रे. मना गाडी लागली."

समोर रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, चिकूच्या क्रेटांनी भरलेला एक टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर बाजूला उभं राहून दोर आवळत होता. मला दिसत होता, दीपिकाला दिसत होता, कुणालाही दिसला असता. पण कमलेशने स्टिअरिंग एका हातात धरून अख्खं अंग मागे वळवलं आणि "सीटवर नको, सीटवर नको" असं ओरडत राहिला. गाडी त्याच्यासारखीच, पुढे न बघता, सरळ जाऊन टेम्पोच्या ढुंगणात शिरली.

वेग बैलगाडीचा होता, म्हणून आम्हा कुणाला खरचटलंही नाही. मावशीने दार उघडलं, उतरली आणि कडेला बसून मोकळी झाली. कव्हर कोरडं राहिलं. गाडीचं बॉनेट मात्र वाकलं, दिवा फुटला, खालून पाणी गळायला लागलं. टेम्पोच्या मागच्या लोखंडी पट्टीला पांढऱ्या रंगाची एक रेघ उमटली, बाकी काही नाही.

टेम्पोवाला धावत आला. चाळिशीचा, काटक, डहाणूकडच्या डोंगरातला माणूस. नाव दामू, ते पुढे कळलं. आधी त्याने मावशीला बघितलं. "लागला का कोनाला?" असं विचारलं आणि मग आपले क्रेट तपासायला वळला.

कमलेश खाली उतरला तो ओरडतच. "रिव्हर्स मारताना मागे बघता येत नाही का रे?"

दामूला आधी कळेचना हा कुणाला बोलतोय. "साहेब, इंजन बंद हाय. चावी माझे खिशात हाय."

"मला शिकवतो? भरपाई दे, नाहीतर पोलीस बोलावतो. टेम्पो जमा होईल."

"टेम्पो जमा नका करू, साहेब," दामू म्हणाला. टेम्पो त्याचा आणि भावाचा, दोघांचा मिळून एकच. चिकू पिकायला आलेले, आज बाजारात पोचले नाहीत तर त्यांचा चिखल. ज्यांच्या वाडीतला माल, ते पुन्हा कशाला याच्या टेम्पोत भरतील? हे सगळं त्याने हात जोडून सांगितलं. पण जे केलंच नाही त्याची भरपाई द्यायला तो काही कबूल होईना.

कमलेशने आम्हाला बाजूला घेतलं. "माझा विमा मला दमडी देणार नाही. चूक टेम्पोची ठरली तरच त्याच्या विम्यातून गाडी दुरुस्त होईल. नोंद करायची. आणि जखमी माणूस असला की केस पक्की होते." एवढं बोलून त्याने मावशीकडे बघितलं. मावशी दगडावर बसून पदराने तोंड पुसत होती. "मावशी, पोलिसांनी विचारलं तर सांगायचं, लागलं म्हणून. बस, एवढंच."

मावशीने मान हलवली. तिला काय समजलं कोण जाणे.

"आपल्या माणसाच्या बाजूने उभं राहायचं असतं, वहिनी," दीपिका माझ्या कानाशी पुटपुटली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण इथे वाटणी झाली होती. उलट्या मावशीच्या आणि बोंबा चोराच्या. मला त्या नवराबायकोची किळस आली. मी ती गिळली.

कमलेशने फोन लावला तसा हवालदार मोटरसायकलवरून आला. घाटावरचा, नुकताच इकडे बदलून आलेला, उन्हाने वैतागलेला. त्याला बघताच कमलेशची भाषा बदलली. "सदर टेम्पोचालकाने बेदरकारपणे वाहन मागे घेतले आणि त्यामुळे सदर ज्येष्ठ महिला जखमी झाल्या." घरात हा माणूस "च्या दे" यापलीकडे धड वाक्य बोलत नाही.

"साहेब, मी उबा होतो," दामू म्हणाला. दुसरं त्याच्याकडे होतं काय?

हवालदार माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही काय बघितलं?"

कमलेश माझ्याकडे बघत होता. दामूही बघत होता. मला भाविका दिसत होती, पांढरा कोट घातलेली, लॅबमध्ये.

"मी मावशीला धरून बसले होते," मी म्हटलं. "मला काय दिसलं नाय."

हवालदाराने मान डोलवली. "जखमी आहे म्हटल्यावर टेम्पो चौकीत लावावा लागेल. बाकी साहेब ठरवतील." दामू टेम्पोच्या चाकाला टेकून खालीच बसला. हवालदार मावशीसमोर उकिडवा झाला.

"आजी, काय झालं तुम्हाला?"

"मना गाडी लागली."

"कुठं लागली?"

मावशीने पोटावर हात ठेवला. "इथं. सगळा पोट ढवळून निगाला."

"टेम्पो लागला ना?"

"टेम्पो कसा लागंल? टेम्पो तं झाडाखाली उबा होता." मावशीने हात लांब करून पांढरी गाडी दाखवली. "ही लागली. ह्याची."

हवालदाराने वळून गाडीकडे बघितलं, मग कमलेशकडे. "ह्याची गाडी लागली तुम्हाला? कधी?"

"जाताना पण लागली. येताना पण लागली."

"दोनदा?"

"मी बोंबलत होते, थांब रे, थांब रे. थांबला नाय."

हवालदार उठून उभा राहिला. आता त्याचा वैताग गेला होता आणि त्या जागी पोलीस आला होता. "काय रे, ही तुझी कोण?"

"मावशी आहे, साहेब."

"सख्ख्या मावशीला उडवतो, थांबत नाही, आणि नाव ह्या टेम्पोवाल्याचं घेतो?"

कमलेशच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी इतकी वर्षं त्याला ओळखते, पण त्याचं तोंड उघडं राहून त्यातून काहीच बाहेर येत नाही, हे पहिल्यांदा बघितलं. फार बरं वाटलं. शेवटी दीपिकाने त्याला ढोसलं.

"साहेब, तसं नाही. तिला गाडी लागते. म्हणजे उलटी होते, प्रवासात. ती गाडीतच होती. तिला काही झालेलं नाही. एकदम ठणठणीत आहे."

"ठणठणीत आहे?"

"हो साहेब. देवाशप्पथ."

"मग जखमी कोण?"

कमलेश वाकून फुटलेल्या दिव्याच्या काचा गोळा करायला लागला.

"मला सांग," हवालदार शांतपणे म्हणाला, "हिला गाडी लागली, की गाडी लागली? पहिलं असेल तर तू मावशीला उडवलंस म्हणून लिहितो. दुसरं असेल तर खोटी तक्रार केलीस म्हणून लिहितो. तुला कुठलं बरं वाटतं?"

कमलेशला कुठलंच बरं वाटलं नाही. त्याने हात जोडले. आधी हवालदारापुढे, मग हवालदाराने बोट दाखवलं तेव्हा दामूपुढे. दुपारभर ज्याला अरेतुरे केलं त्याला "माफ करा, भाऊ" म्हणाला. ‘भाऊ’ हा शब्द त्याच्या तोंडून काटा निघावा तसा निघाला. हवालदार गाडी खेचून न्यायला कुणाला तरी फोन लाव म्हणाला, मावशीला बाटलीतलं पाणी दिलं आणि निघून गेला.

"माज्यामुले भांडान झाला काय गो?" मावशीने मला विचारलं. तिला अजूनही कळलं नव्हतं की तिने काय केलं. मी नाही म्हटलं. जे दिसलं ते तिने सांगितलं होतं, बाकी कशाशी तिला देणंघेणं नव्हतं.

दामू दोराची शेवटची गाठ मारत होता. मला राहवलं नाही. कमलेशला तोंड लपवायला जागा उरली नव्हती, मला कधी नव्हे ते हलकं वाटत होतं, आणि त्या चांगल्या माणसाने आम्हा सगळ्यांना एका माळेचे मणी समजू नये असं मनापासून वाटलं. मी टेम्पोपाशी गेले.

"दादा, तो माझा दीर. नालायक हाय. पण मी तुमच्या विरुद्ध काय बोलले नाय हां."

दामूने गाठ ओढून बघितली. मग माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, कसल्याच भावाने नाही.

"हां बाय," तो म्हणाला. "तुमी काय बोलल्या नाय."

तो चढला, चावी खिशातून काढली आणि टेम्पो बोयसरच्या रस्त्याला लागला. मी मागे वळले तेव्हा दीपिकाने कडेच्या दगडावर सरकून मला बसायला जागा करून दिली, आणि मी त्यांच्यात जाऊन बसले.