माझ्या पोटातली दोन पत्रे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फ्रेम आहे. आतल्या फोटोकडे सगळे बघतात, फ्रेमकडे कोणी बघत नाही, याची मला सवय झाली आहे. पण एका दुपारी एका मुलीची पुढची तीन वर्षे माझ्या पोटात अडकली होती आणि मला ओरडताही येत नव्हते. ती गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी.

मला एका फ्रेमवाल्याने बनवले. कोणाच्या मदतीशिवाय त्याने कापलेली मी पहिली फ्रेम. चार पट्ट्या, चार कोपरे. तीन कोपरे छान जमले, चौथ्यात केसाएवढी फट राहिली. ती त्याने भुसा आणि सरस भरून बुजवली आणि मला दुकानात विकायला मांडले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. बायकोने मला हातात घेतले आणि फट पहिल्या नजरेत ओळखली. ती खूप हसली. मग तिने एक कागद घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, "ही विकायची नाही", आणि तो माझ्या काचेमागे सरकवला. तेव्हापासून मी गल्ल्याशेजारच्या खिळ्यावर होते.

तिथून मी सगळे दुकान पाहिले. तो मागे करवत चालवायचा, ती पुढे गिऱ्हाईक सांभाळायची. लोक शंभर पट्ट्या बघून गोंधळून जायचे. सोनेरी घेऊ की काळी, जाड घेऊ की बारीक? ती एकच प्रश्न विचारायची, "हे कुठं लावणार?" जिन्यात लावणार, स्वयंपाकघरात लावणार, पलंगासमोर लावणार, एवढे कळले की फ्रेम आपोआप ठरायची. लोक म्हणायचे, बाईंचा हात लागला की काम सोपे होते. मला फार अभिमान वाटायचा.

फ्रेमवाल्याला एक खोड होती. फोटो आणि मागचा पुठ्ठा यांच्यात पोकळी राहिली की तो टेबलावर पडलेला कुठलाही कागद उचलायचा, घडी करायचा आणि आत कोंबायचा. एकदा तर बायकोच्या चष्म्याच्या नंबराची चिठ्ठीच एका शाळेच्या फोटोमागे गेली. ती पंधरा दिवस डोळे बारीक करून फिरत होती. त्यानंतर तिने नियम केला. प्रत्येक फ्रेमची पाठ आधी ती अंगठ्याने दाबून बघणार, मगच फ्रेम गिऱ्हाइकाला मिळणार. घडी लागली की म्हणायची, "उघडा! यात माझं काहीतरी आहे."

ती गेल्याला आता दोन वर्षे झाली. आजार लहान होता, म्हणजे दिवसांनी लहान. त्यानंतर दुकान चालू राहिले, पण तो प्रश्न बंद झाला. गिऱ्हाईक बोट दाखवी ती पट्टी तो कापून देई. पाठ कोणी दाबत नव्हते. माझ्यावर धूळ बसली. तो बाकीच्या काचा पुसायचा आणि माझ्यापाशी आला की फडके खाली ठेवायचा.

त्यांची मुलगी म्हणजे बबडी. नाव मोठे आहे, पण घरात तिला बबडीच म्हणतात. तिला व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घ्यायची होती आणि दोन कॉलेजांनी तिला प्रवेश देऊ केला. दोन पत्रे आली त्या दिवशी ती दुकानभर नाचली. पट्ट्यांचा अख्खा गठ्ठा पाडला, तरी बाप रागावला नाही. एक कॉलेज बसने अर्ध्या तासावर होते. दुसऱ्याला जायला रेल्वेचे दोन दिवस लागत. तिथे शेवटच्या वर्षी मुलांच्या हाती खरेखुरे दुकान देतात, माल आणण्यापासून गिऱ्हाइकाची बोलणी खाण्यापर्यंत. ते वाचताना बबडीचे डोळे कसे झाले ते मी पाहिले होते.

पण आठ दिवसांनी ती म्हणाली, "बाबा, मी जवळच्याच कॉलेजात जाते. संध्याकाळी दुकानातही येता येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाने मला खिळ्यावरून उतरवले. दोन वर्षांनी मला माणसाचा हात लागला! त्याने माझी काच पुसली, बायकोचा कागद काढून खिशात ठेवला आणि जवळच्या कॉलेजचे पत्र आत बसवले. मागे पोकळी राहिली. त्याचा हात टेबलावर गेला, पालथा पडलेला एक कागद त्याने उचलला, घडी केली आणि आत सारला. वर पुठ्ठा, खिळे, चिकटपट्टी.

मित्रांनो, तो कागद कुठला होता हे मला लगेच कळले. ते दूरच्या कॉलेजचे पत्र होते. आणि त्यांना होकार कळवायचा शेवटचा दिवस तोच होता. पाच वाजेपर्यंत.

दुपारी बबडीची मावशी आली. मला बघून म्हणाली, "भाऊजी, पोरगी अजून कॉलेजची पायरी चढली नाही आणि तुम्ही पत्र टांगून मोकळे!"

"चांगलं दिसतंय की," तो म्हणाला.

तेवढ्यात समोरचा न्हावी आला. त्याला आपल्या पहिल्या दुकानाचा फोटो फ्रेम करायचा होता. सोनेरी की काळी, सोनेरी की काळी, असे त्याने अर्धा तास चालवले. शेवटी बबडीच्या तोंडून आपोआप निघाले, "काका, हे कुठं लावणार?"

"खुर्चीसमोर. आरशाच्या बाजूला."

"मग सोनेरी नको. दिव्याची तिरीप गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जाईल आणि तुम्ही कान कापाल."

"काळीच कर बाई!" न्हावी हसत गेला.

बबडी मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आईचा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. हे कॉलेज मी तुमच्या भिंतीसाठी घेतलं. मला तिकडं जायचंय. मला दुकान चालवायला शिकायचंय, खरं दुकान."

बापाने घड्याळाकडे पाहिले. "चार वाजून गेले. पत्र कुठंय?"

आणि शोधाशोध सुरू झाली! कपाटे, पिशव्या, भुशाची पोती, सगळे उलटेपालटे. होकार मोबाइलवरून भरायचा होता, पण त्याला लागणारा क्रमांक त्या पत्रावरच होता. मावशी कॉलेजला फोन लावत होती आणि फोन सारखा व्यस्त लागत होता. "पत्र इथे आहे! माझ्या पोटात आहे!" मी मनातल्या मनात किंचाळत होते. साडेचार. पावणेपाच. बबडी मटकन स्टुलावर बसली.

"टेबलावरच ठेवलं होतं. पालथं," ती म्हणाली, आणि पुढच्या क्षणी उठून उभी राहिली. "बाबा! चष्म्याची चिठ्ठी!"

तिने मला खिळ्यावरून ओढून काढले आणि माझी पाठ अंगठ्याने दाबली. अगदी तिच्या आईसारखी. घडी लागली.

"उघडा! यात माझं काहीतरी आहे!"

मावशीने भाऊजींकडे पाहिले. "हात चुकला की मन चुकलं?"

"खरं सांगू? माझं मलाच माहीत नाही," तो म्हणाला. पण पक्कड त्यानेच उचलली. घाईत त्याने असा हिसका दिला की माझा चौथा कोपरा कडकन उघडला. मला दुखले, पण तेव्हा दुखण्याला वेळ कोणाला होता!

"कोपरा गेला, बाबा!"

"जाऊ दे. पहिल्यापासून कच्चाच होता तो. तू आकडे वाच!"

बबडीने वाचले, मावशीने चष्मा चढवून पुन्हा वाचले, बबडीने भरले. पाचला सहा मिनिटे असताना मोबाइल टिंग वाजला. तिघे इतके ओरडले की न्हावी अर्धी दाढी सोडून धावत आला.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रेमवाल्याने माझा कोपरा नीट जोडला. खिशातून तो जुना कागद काढला, घड्या हाताने सपाट केल्या आणि पुन्हा काचेमागे ठेवला. मग मुलीला विचारले, "हिला कुठं लावणार?"

"टेबलासमोर. सकाळी उठल्या उठल्या दिसेल अशी."

"मग दोरी थोडी लांब लावतो," तो म्हणाला, आणि बराच वेळ गाठ मारत बसला.

आता मी दोन दिवसांच्या अंतरावर एका लहान खोलीत आहे. परवा मावशीचा फोन आला होता. दुकानात माझ्या जागी फक्त खिळा आहे. भाऊजींनी तिथे दुसरे काही लावले नाही, पण गिऱ्हाईक आले की ते आता विचारतात, "हे कुठं लावणार?"

मित्रांनो, तुमच्या घरातही भिंतीवर माझी एखादी बहीण असेल. तिची काच पुसाल तेव्हा तिला उतरवून पाठही बघत जा. तिची दोरी झिजली असेल, कोपरा सुटला असेल, आत कोणाची तरी चिठ्ठी राहिली असेल. बबडी दर रविवारी माझी पाठ अंगठ्याने दाबून बघते. आत आईच्या अक्षराचा एकच कागद आहे, हे तिला ठाऊक आहे. तरीही बघते.