चौऱ्याहत्तर नंबरचा गडी

कॅडो व्हॅली विद्यापीठात न्याय दर बुधवारी दुपारी दोन ते चार या वेळेत मिळत असे. तो द्यायला तीन माणसं नेमलेली होती आणि तिघंही विद्यापीठाच्याच पगारावर होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच घरचे पंच! कुणाला त्याचं काही वाटत नसे.

अध्यक्ष होते डीन ब्लेव्हिन्स. दर शनिवारी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला लाल कोट घालून कोचच्या कुटुंबाशेजारी बसणारा हा गृहस्थ बुधवारी राखाडी कोट घालून निःपक्षपाती होई. दुसरे पेल, शिष्यवृत्तीच्या कचेरीतले. अध्यक्षांच्या आधी त्यांचा हात कधी वर गेलेला कुणी पाहिला नव्हता. तिसऱ्या हॉल्कमबाई, मातीचं शास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक. बाईंना या दोघांचा मनापासून तिटकारा होता. अकरा वर्षं त्या या समितीवर होत्या आणि दर बुधवारी रात्री जेवताना नवऱ्याला डीनची नक्कल करून दाखवत. आपण त्यांच्यातल्या नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

त्या दिवशी समोर लेव्हॉन मेह्यू बसला होता. सव्वासहा फुटी, तीनशे पौंडांचा गडी, पण खुर्ची मोडेल या भीतीने अर्ध्यावरच टेकलेला. तीन वर्षं तो विद्यापीठाच्या संघात पुढच्या फळीत खेळला होता. गेल्या हिवाळ्यात संघाच्या डॉक्टरने त्याचा गुडघा तपासून 'खेळण्यास कायमचा अपात्र' असा कागद दिला. शिष्यवृत्ती चालू राहणार, पण संघातलं नाव कटलं. गावाकडच्या हाडांच्या डॉक्टरने मात्र गुडघा ठणठणीत असल्याचं लिहून दिलं होतं. कॅन्ससमधलं एक छोटं कॉलेज त्याला शेवटचं वर्ष खेळवायला तयार होतं, पण तो अपात्रतेचा कागद रद्द झाला तरच. आणि कॉलेज बदलण्याची मुदत परवा, शुक्रवारी संपत होती.

खेळ कमी पडतो म्हणून मुलाला काढलं तर बोंब होते. गुडघा वाईट म्हणून काढलं की दया केल्यासारखं दिसतं, आणि संघातल्या मोजक्या जागांतली एक नव्या पोरासाठी मोकळी होते. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच, फक्त इथे भांड्यावर डॉक्टरची सही असे.

लेव्हॉनच्या एका बाजूला त्याची आई ओडेसा होती. शाळेच्या भटारखान्यात काम करणारी ही बाई पहाटे उठून सहा तास गाडी हाकत आली होती. दुसऱ्या बाजूला पेटवे नावाचे म्हातारे वकील. समितीच्या नियमाप्रमाणे मुलाला वकील आणता येई, पण वकिलाने तोंड उघडायचं नाही. त्याने चिठ्ठ्या लिहायच्या, मुलाने त्या वाचायच्या. स्वतःला कायद्याचं राज्य म्हणवणाऱ्या देशात वकिलाचं तोंड शिवून ठेवायची कल्पना कुठल्या दीडशहाण्याची होती, देव जाणे.

कोच क्रेन्शॉ उशिरा आले. राज्यात गव्हर्नरपेक्षा मोठा पगार असलेला माणूस उशिरा येणारच.

"लेव्हॉन म्हणजे माझा पोरगाच आहे," ते बसता बसता म्हणाले. "आमचं कुटुंब आहे हो. पण उद्या या लेकराला जन्मभर लंगडावं लागलं तर मी याच्या आईला काय तोंड दाखवू?"

"आत्ता दाखवताय तेच दाखवा," ओडेसा म्हणाली. "कुटुंब म्हणे! तीन वर्षांत माझं नाव तरी ठाऊक झालं का तुम्हाला?"

"बाई, मध्ये बोलू नका," डीन म्हणाले.

पेटवेंनी चिठ्ठी सरकवली. लेव्हॉनने ती वाचली. "सर, मला कोचना एक विचारायचंय. माझ्या जर्सीच्या नंबराबद्दल."

"त्याचा इथे काय संबंध?" डीननी हात झटकला. "पुढे चला."

डीनची ती हात झटकण्याची लकब हॉल्कमबाईंच्या डोक्यात गेली. "मीच विचारते," त्या म्हणाल्या. "कोच, एखाद्याचा नंबर तुम्ही दुसऱ्याला कधी देता?"

कोचची छाती फुगली. या विषयावर ते रेडिओवर दर आठवड्याला बोलत. "मॅडम, आमच्याकडे नंबर म्हणजे देवघरातली वस्तू. जुना गडी संघात असेपर्यंत त्याचा नंबर मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढू देत नाही. वीस वर्षांत एकदाही नाही. कुणालाही विचारा."

लेव्हॉनने फोन टेबलावर ठेवला. विद्यापीठाच्याच पानावरचा फोटो होता. टेक्सासमधून नव्याने घेतलेला एक पोरगा चौऱ्याहत्तर नंबरची जर्सी घालून कोचच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. खाली लिहिलं होतं, 'चौऱ्याहत्तरला नवा मालक मिळाला!' तारीख तीन डिसेंबर.

"डॉक्टरांनी मला अठरा डिसेंबरला तपासलं," लेव्हॉन म्हणाला. "तीन तारखेला मी रोज सराव करत होतो. माझ्या अंगावर हाच नंबर होता."

कोचनी फोटोकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. पेल पेन्सिलीला टोक काढू लागले. स्वतःच्या बढाईच्या दोरीने स्वतःला असं नीट बांधून घेतलेला माणूस हॉल्कमबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांना हसू फुटत होतं. आज जेवताना नवऱ्याला सांगायला काय मजा येईल!

"पंधरा दिवस आधी," त्या मोठ्याने म्हणाल्या. "म्हणजे गुडघा वाईट आहे हे डॉक्टरांच्या आधी जर्सीला कळलं."

पेटवे गालात हसले. ओडेसाने मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

डीन मात्र शांत होते. "मुद्दा गंभीर आहे," ते म्हणाले. "म्हणूनच घाई नको. विद्यापीठाच्या कायदा विभागाचं मत मागवू. पुढची बैठक दोन आठवड्यांनी."

"सर, शुक्रवारी मुदत संपते!" लेव्हॉन उठलाच.

"नियम सर्वांना सारखे असतात, बेटा." मग ते बाईंकडे झुकले आणि आवाज खाली आणला. "इन्ग्रिड, परवा डेलबर्ट शुमेट भेटला. तुझ्या नव्या काचघराची फार आपुलकीने चौकशी करत होता."

शुमेट हा ट्रॅक्टर विकणारा धनाढ्य माणूस, कोचचा जिगरी दोस्त. रोपांवरच्या प्रयोगांसाठीचं बाईंचं काचघर त्याच्याच देणगीतून उभं राहत होतं. सहा वर्षं त्यांनी त्यासाठी अर्ज लिहिले होते. अजून छत व्हायचं होतं.

"तहकुबीच्या बाजूने कोण?" डीननी विचारलं आणि स्वतःचा हात वर केला.

पेलनी हात वर करायला घेतला आणि मध्येच थांबले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते डीनकडे न बघता बाईंकडे बघत होते. बाई नाही म्हणाल्या असत्या तर त्या भित्र्या माणसानेही हात खाली घेतला असता. ते त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि बाईंना ते दिसलं.

बाईंनी कागद सारखे केले. कायदा विभागाचं मत घेण्यात तसं गैर काहीच नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. शिकलेल्या माणसाला शेपूट घालायलासुद्धा कारण लागतं. त्यांनी हात वर केला, फार उंच नाही, कोपर टेबलावरून न उचलता. मग पेलचाही हात वर गेला.

कोच उठले आणि लेव्हॉनच्या खांद्यावर थाप मारून बाहेर पडले. पेटवेंनी टोपी घातली. बोलायची बंदी आता उठली होती.

हॉल्कमबाई दाराशी पोचल्या, तर ओडेसा वाट अडवून उभी.

"मला खरंच वाईट वाटतंय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कल्पना नाही इथले लोक कसे आहेत."

"आहे की," ओडेसा म्हणाली. "त्या दोघांवर माझा रागच नाही. एकाला लाज नाही, दुसऱ्याला कणा नाही. त्यांच्याकडून मी काही आशा धरून आलेच नव्हते." तिने गाडीची किल्ली पर्समधून काढली. "पण प्रश्न तुम्ही विचारलात. उत्तरही तुम्हालाच कळलं. माझं पोर सोडलं तर त्या खोलीत खरं काय ते फक्त तुमच्याच तोंडून निघालं. आणि मग तुम्ही हात वर केलात."

"माझी अडचण..."

"असेल ना," ओडेसा म्हणाली. "चल रे लेव्हॉन. सहा तासांचा रस्ता आहे."

त्या रात्री जेवताना नवऱ्याने हसत विचारलं, "काय, आज डीननी काय दिवे लावले?"

हॉल्कमबाईंना नक्कल करता येईना.