कौतिकभाऊंचा कापूस

मी एक म्हातारा घोडा आहे. घोडा म्हणायचे ते आपले बरे वाटते म्हणून. खरे तर मी तट्टूच. बोदवडच्या स्टेशनाबाहेर मगनच्या टांग्याला जुंपलेला असतो. मित्रांनो, माझी हकीकत काही फार मोठी नाही. पण तिच्यात एक माणूस आहे, आणि त्याच्याविषयी कुणीतरी सांगायला हवे.

माझा जन्म सातपुड्याच्या पायथ्याशी, सिंगा नावाच्या माझ्या पहिल्या मालकाच्या झोपडीमागे झाला. त्याची बायको धनीबाई माझ्या आईला घेऊन मोहाची फुले वेचायला निघाली की मीही मागे दुडदुडत जाई. अंगात रग भरली तसा सिंगाने मला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेले. दोर दुसऱ्याच्या हातात देताना त्याने माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग मागे वळून न पाहता तो गर्दीत शिरला.

मला विकत घेतले डॉक्टरसाहेबांनी. औषधपाणी करणारे डॉक्टर नव्हेत ते. कापसाचे शास्त्र शिकून विलायतेहून डॉक्टर होऊन आलेले. नशिराबादच्या वाटेवर एका संस्थेची प्रयोगशेती होती, तिचे ते प्रमुख. सकाळी माझ्यावर बसून ते वाफे पाहत फिरत. खोगीर उत्तम, दाणा वेळेवर. आलेले पाहुणे माझी चाल वाखाणत. पहिली वर्षे माझी अशी मानाची गेली.

त्याच सुमारास कौतिकभाऊ तिथे आले. धुळ्याकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा बी. एजी. होऊन पुढची मोठी पदवी घ्यायला आला होता. खानदेशात तेव्हा कपाशीवर मर रोग पडे. उभे झाड दोन दिवसांत मान टाकी. त्या रोगाला दाद न देणारा वाण काढायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा, असे कौतिकभाऊंचे काम होते. प्रबंध पुरा झाला अशी मार्गदर्शकाने सही केली, तरच विद्यापीठ तो तपासायला घेई. मार्गदर्शक अर्थातच डॉक्टरसाहेब.

कौतिकभाऊ संध्याकाळी कळ्या उकलून त्यांतले पुंकेसर काढीत, परका पराग लागू नये म्हणून वर कागदी पिशव्या बांधीत आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावीत. मधल्या वेळात साहेबांच्या घरची भाजी आणीत, त्यांच्या पुतण्याला गणित शिकवीत. माझा मोतद्दार नोकरी सोडून गेला तेव्हा साहेब म्हणाले, "नवा कशाला शोधायचा? कौतिक आहे की."

तेव्हापासून मला खरारा करायला कौतिकभाऊ येऊ लागले. खरारा करता करता ते हळूच म्हणत, "साहेब, माझा प्रबंध लिहून झाला आहे. आपण सही केलीत तर यंदाच पाठवता येईल." माझ्याशी नव्हे, सराव करीत. एकदा नम्रपणे म्हणत, एकदा जरा आवाज चढवून. मग हात धुऊन ओसरीवर जात.

"काय रे?" साहेब विचारीत.

"काही नाही, साहेब. घोड्याला पाणी दाखवलं."

कधी कधी बोलणे होईही. तेव्हा ठरलेले उत्तर मिळे, "काम कच्चं आहे तुझं. पुढच्या वर्षी पाहू." वर चारचौघांत, "खेड्यातली पोरं ही. यांना पदवी हवी, अक्कल नको."

एकदा कौतिकभाऊंची आई, सुगंधाबाई, बैलगाडी आणि आगगाडी करून भेटायला आली. साहेबांनी तिला दुपारभर अंगणात उभे ठेवले. शेवटी बाहेर आले तेव्हा तिने हात जोडून विचारले, "नाना, मना पोऱ्या कव्हय पास हुई? गावमा बठ्ठा इचारतस."

साहेब हसले. "कधी पास होणार, ते तुमच्या पोऱ्यालाच विचारा."

कौतिकभाऊ खाली मान घालून उभे होते. आईने त्यांच्याकडे पाहिले आणि ती परत निघाली. जाताना भाकरीचे गाठोडे तेवढे माझ्या तबेल्याच्या खुंटीला अडकवून गेली.

अखेर एका वर्षी कौतिकभाऊंचा कापूस जगला. सभोवतालच्या वाफ्यांत मर पसरला, झाडे काळवंडली, आणि मधल्या त्यांच्या ओळी मात्र हिरव्यागार, कैऱ्यांनी, म्हणजे कपाशीच्या कच्च्या बोंडांनी लगडलेल्या. मुंबईहून एक मोठे तज्ज्ञ आले होते. ते वाफ्यात उकिडवे बसले, मुळे पाहिली, पाटीवरचे नाव वाचले आणि म्हणाले, "हे कौतिक कोण? मला त्यांना भेटायचंय."

मी साहेबांच्या मांडीखाली होतो. त्यांचे गुडघे माझ्या बरगड्यांवर आवळले गेले, ते मला कळले.

दुसऱ्या दिवशी साहेब मला घेऊन त्याच वाफ्याशी आले. कौतिकभाऊ आणि खुरपणीला येणारी झुंबरबाई, दोघे तिथे होते.

"या ओळींत भेसळ झालीय," साहेब म्हणाले. "उपटून टाक."

"साहेब, भेसळ नाही. पिशव्या मी स्वतः बांधल्या होत्या. महिन्याभरात बोंडं फुटतील, तेवढं बी धरू द्या."

"मला शिकवतोस?"

त्यांनी लगाम खेचून मला वाफ्यात घालू पाहिले. मी बांधावर थबकलो. उभ्या पिकात शिरायचे नाही, हे मला सिंगाने लहानपणीच शिकवले होते. चाबूक बसला. मी मागे सरलो. पुन्हा बसला, पुन्हा. मांडीवरून रक्त ओघळू लागले.

तेव्हा कौतिकभाऊ पुढे आले. "मारू नका त्याला, साहेब. मी नेतो." त्यांनी माझा लगाम धरला आणि मला आपल्या ओळींतून चालवत नेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. कैऱ्या माझ्या खुरांखाली फुटत होत्या. ते सरळ समोर पाहत होते.

साहेब निघून गेल्यावर झुंबरबाई रडत म्हणाली, "भाऊ, बठ्ठं काम तुनं शे. तू बोलस का बरं नही?"

"काम सगळं माझं असलं, तरी सही त्यांचीच लागते, अक्का."

दुसरा मार्गदर्शक घ्यावा, तर त्यालाही जुन्याची संमती लागे. म्हणून कौतिकभाऊ पुन्हा पेरू लागले. पण त्या वाणाचे आदल्या सालचे बी साहेबांच्या कपाटात होते. पुढल्या वर्षी तोच वाण साहेबांच्या नावाने जाहीर झाला आणि साहेब मोठ्या जागेवर मुंबईला निघाले. मोटार सुरू झाली तेव्हा कौतिकभाऊ दाराशी आले.

"साहेब, माझा प्रबंध?"

"ट्रंकेत आहे. वाचतो सवडीने."

ती सवड कधी झाली नाही. वर्षभर वाट पाहून कौतिकभाऊही निघून गेले. शेतीवर मोटार आली, माझे खोगीर उतरले, आणि मी मगनच्या टांग्याला लागलो.

गेल्या उन्हाळ्यात एक शाळामास्तर टांग्यात बसले. वाटेत मगनने गप्पा मारत विचारले, "मास्तर, तुमचं शिक्षण किती झालं?"

"शिकत होतो," ते म्हणाले. "राहून गेलं."

आवाज मी ओळखला. स्टेशनाशी उतरल्यावर ते पुढे आले, माझ्याकडे पाहत राहिले, कपाळावर हात ठेवून तसेच उभे राहिले. गाडीची शिट्टी झाली तरी हात काढवेना. मगनने हाक मारली तेव्हा ते पळत गेले.

मित्रांनो, मला बोलता आले असते तरी मी काय बोललो असतो? तुम्हांला मात्र बोलता येते. तुमच्यातले काही मोठे होतील, कुणाच्या तरी आयुष्यावर तुमचा अधिकार चालेल. तो माणूस चुकला तर त्याला रागवा, शिकवा, हवे तर नापास करा. पण त्याचे तरुणपण अडकवून ठेवू नका. ते परत देता येत नाही.