सुगंधाबाईच्या वाट्याला आलेली गाडी

मित्रांनो, पिंपळनेरच्या या चिंचेखाली जी जुनी विलायती गाडी उभी दिसते ना, ती मी. तुम्ही माझ्या टपावर चढून घसरगुंडी खेळता, त्याचा मला मुळीच राग नाही. माझा राग दुसऱ्यांवर आहे, आणि आज तो मी बोलून टाकणार आहे.

तापीकाठच्या एका मोठ्या कामावर परदेशी इंजिनियर आले होते. त्यांच्यासाठी मला बोटीने मुंबईला आणले गेले. चारही चाकांना जोर, बसायला कातड्याच्या गाद्या आणि आत थंड हवा! काम संपल्यावर साहेब निघून गेले आणि माझा लिलाव झाला. रावेरकडचे केळीबागाईतदार बन्सीलालभाऊ यांनी मला विकत घेतले.

ते दिवस सुखाचे होते, खोटे कशाला बोलू? केळीच्या बागेत ट्रॅक्टर रुतला की त्याला ओढून काढायला मला बोलावत. लग्नात नवरदेव माझ्यातूनच मिरवायचा. गावातली पोरे थंड हवेच्या जाळीला नाक लावून बसायची आणि हाकलले तरी उठत नसत.

मी धावत राहिले. लाखाच्या वर किलोमीटर झाले, मग दोन लाखांच्या वर. माझे सुटे भाग इकडे मिळत नसत. तेव्हा भुसावळचा फिटर जीवराम डोके चालवी. त्याने ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे कापून मला बसवले, क्लचप्लेट कुठल्याशा जीपची घातली आणि रबरी बूश जुन्या टायरमधून कापून काढले. मी अर्धी विलायती, अर्धी भुसावळी झाले. पण तेल वेळेवर बदलले जाई, ग्रीस भरले जाई. जीवराम बॉनेटवर कान ठेवून माझे ऐकून घेई. मला वाटे, ही माणसे आपली आहेत.

मागच्या दोन चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो. त्याच्या आतले दाते चाकांना फिरवतात. माझे हे दाते झिजले आणि मी चालताना कण्हू लागले. जीवराम म्हणाला, "भाऊ, नवे दाते मुंबईहून मागवा लागतीन." मी वाट पाहत राहिले. ते कधी आलेच नाहीत, कारण कोणी मागवलेच नव्हते.

त्याच वर्षी बन्सीलालभाऊंचे वडील वारले. बागेत बहिणीचाही वाटा होता. ती सुगंधाबाई, इथे पिंपळनेरला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली तेव्हा भाऊ तिला म्हणाले, "बाई, इतक्या दूरून तू बाग काय सांभाळशील? वाटा सोडल्याचं लिहून दे अन् माही गाडी ने. पाव्हणे पाड्यावरचे पाशिंजर नेतीन. तुहं घर चालीन."

सुगंधाबाईचे यजमान रुपचंदभाऊ शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, "अवं, सही नको करू. जमीन राहस, गाडी घसास."

"माहा भाऊ मले फसवीन का?" सुगंधाबाई म्हणाली, आणि तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना बन्सीलालभाऊंनी जीवरामला गोठ्यामागे बोलावले. शेजारी पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचे घड होते. जीवरामने माझा गोळा उघडला, केळी ग्रीसमध्ये कुस्करली आणि माझ्या झिजलेल्या दात्यांवर थापून बसवली. अशाने कण्हणे काही दिवस बंद होते, दुखणे मात्र तसेच राहते. बोल्ट पिळताना तो एकदा थांबला.

"भाऊ, बहीन आहे ना तुमची? तिले तं सांगा."

"बहीन आहे म्हनूनच जमते," बन्सीलालभाऊ म्हणाले. "परकं गिऱ्हाईक असतं तं चार फिटर घेऊन आलं असतं."

जीवरामने बोल्ट पिळला. मग मला नवा रंग दिला, हार घातला. वरून कीर्तन, आतून तमाशा! ज्यांच्यासाठी मी इतका चिखल तुडवला, त्यांनीच केसाने गळा कापला. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडले असते.

पिंपळनेरला माझे कौतुक झाले. सुगंधाबाई येईल त्याला सांगे, "माह्या भावानं त्याची आवडती गाडी मले देली." रुपचंदभाऊ मला पाड्यांवर नेऊ लागले. चार पैसे येऊ लागले. मीही शहाणी, वाटले, निभेल. पण एका बाजाराच्या दिवशी, भरल्या माणसांनिशी चरणमाळच्या घाटात माझे दाते तुटले आणि मागची चाके जाम झाली. देवाची कृपा, कोणाला खरचटले नाही.

मला ट्रकने ओढून गावात आणले. रुपचंदभाऊ प्रवाशांची सोय लावायला गेले होते. गावातल्या शालिग्राम फिटरने गोळा उघडला, तेव्हा जवळ एकटी सुगंधाबाई होती. आतून आंबट वास आला. शालिग्रामने बोट फिरवले आणि म्हणाला, "बाई, हाई तेल नही शे, केयी शे केयी! आनि दाता आज तुटेल नहीत, कव्हयना झिजी जायेल शेत. धुळाले नेवो, दुरुस्त व्हई जाई."

सुगंधाबाईला तो वास ओळखायला वेळ लागला नाही. बालपण केळीच्या बागेत गेलेले. भावाने काय केले, ते तिच्या ध्यानात आले. धुळ्याचा फिटर हेच सांगेल, रुपचंदभाऊंसमोर सांगेल. मग ते बन्सीलालभाऊंना उंबरा चढू देणार नाहीत आणि तिचे माहेर कायमचे तुटेल.

तिने डोळे पुसले. "शालिग्रामभाऊ, होतं तसं झाका. घाटात दगड लागला म्हना, गाडीचा माल मियत नही म्हना. माह्या भावाचं नाव निंघाले नाही पाहिजे."

मित्रांनो, बन्सीलालभाऊ आणि जीवरामने मला फसवले ते मी एक वेळ समजू शकते. पण जिची माझ्यासारखीच फसगत झाली, तिनेही माझ्यावर झाकण घातले! धुळ्याला नेले असते तर मी बरी झाले असते. आज ती दुसऱ्यांच्या शेतात शेंगा तोडायला जाते. भंगारवाला आला की म्हणते, "राहू द्या, माहेरची आहे." लोकांना वाटते, काय हिची माया!

झिजणे हा काही गुन्हा नव्हे. जे चालते, ते झिजते. म्हणून माझे एवढे ऐका. घरातली वस्तू कण्हू लागली, माणूस कण्हू लागले, तर त्याचे तोंड बंद करू नका, आत काय दुखते ते बघा. आणि कोणाला काही देणार असाल, तर त्याचे दुखणे सांगून द्या.

रुपचंदभाऊ दुसऱ्याची जीप चालवतात. घरी परतताना माझ्या चाकाला लाथ मारतात आणि म्हणतात, "विलायती म्हणे! एक दगडमा मरी गयी." सुगंधाबाई दारातून ऐकते आणि आत निघून जाते. तिचे माहेर तुटेल, हे मला कळते. तरीही सांगते, मी दगडाने मेले नाही.