शब्दाला शब्द

सुदेश सरांना मराठीचा उमाळा आला की अपर्णा सावध व्हायची. एरवी हा माणूस ऑफिसात इंग्रजीत बोलणार, इंग्रजीत ओरडणार, आणि घरून आणलेल्या थालीपिठालाही ‘मल्टीग्रेन पॅनकेक’ म्हणणार. पण एखादं काम घाणेरडं निघालं, की त्याला लगेच मायमराठी आठवायची.

“जबाब देताना बर्फवाल्या किसनला मराठीतच बोलू दे,” तो तिच्या टेबलाच्या कडेवर टेकून म्हणाला. “आपली भाषा आहे, त्यात माणूस मोकळा होतो. तू ते विमावाल्या फहदसाठी इंग्लिशमध्ये सांग. शब्दाला शब्द हं अपर्णा. पदरचं काही घालू नकोस.”

बर्फावरच्या हॉकीचा हा अबुधाबीतला संघ, सँड फॉक्सेस त्याचं नाव. सुदेश त्याचा मॅनेजर, अपर्णा तिथली एचआर. भर वाळवंटात बर्फ, बर्फावर कॅनडाचे नि फिनलंडचे खेळाडू, आणि तो बर्फ राखायला चिपळूण-गुहागरची माणसं, असा सगळा थाट. संघाला कोल्ह्याचं नाव देणारा मालक मंडळींना चांगलाच ओळखून असावा, असं अपर्णाला अलीकडे वाटायला लागलं होतं.

झालं होतं ते असं. टीव्हीच्या कमाईत वाटा किती, यावरून खेळाडू आणि मालक यांचं वाजलं. बोलणी फिसकटली. पहिल्या सामन्याच्या दिवशी मालकांनी सरळ रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, गेटला कुलूप घातलं आणि खेळाडूंना सांगितलं, आमच्या अटी मान्य करा, नाहीतर बाहेर राहा. खेळाडू बाहेर राहिले. बाहेर म्हणजे समुद्रकाठच्या हॉटेलात, पोहण्याच्या तलावाशी. आठवड्याभरात सगळा सीझन रद्द झाला. शीतयंत्रं बंद केली आणि आतला बर्फ वितळायला सोडून दिला.

आता विम्याचा प्रश्न आला. मालकांनी स्वतःच कुलूप घातलं असेल तर विमा कंपनी कशाला भरपाई देईल? पण कर्मचाऱ्यांनी संप केला आणि त्यामुळे सामना होऊ शकला नाही, असं ठरलं तर मात्र द्यावी लागणार होती. म्हणजे मालकांना एक संप हवा होता. आणि तो सुदेशने शोधून काढला.

सामन्याच्या सकाळी मशीन फिरवून बर्फाची देखभाल करणारी माणसं, किसन, भिकाजी आणि त्यांचे सोबती, नेहमीच्या बसने आली आणि कुलूप बघून गेटबाहेर बसून राहिली. संध्याकाळपर्यंत उन्हात, खोक्यांचे पुठ्ठे अंथरून. दुपारी संघाचा कॅप्टन तिथे आला, त्यांच्यात मांडी घालून बसला, अंगठा वर केला, फोटो काढला आणि ‘कामगार एक आहेत’ असं लिहून तो जगभर पाठवून दिला. मग गाडीत बसून जेवायला गेला. बसलेल्यांपैकी एकाचंही नाव त्याने विचारलं नव्हतं. नंतर अपर्णाला फोन करून म्हणाला, ते मशीनवाले लोक फार गोड आहेत.

तो फोटो सुदेशने मोठा करून छापून आणला. “बघ, धरणं! याहून काय पुरावा पाहिजे?”

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण अपर्णाने शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती. फाशीचा दोर आपल्याला वळायला सांगतील, असं तेव्हा वाटलं नव्हतं. कारण या देशात संप ही काही थट्टेची गोष्ट नाही. संपात नाव आलं की व्हिसा गेला, माणूस घरी गेला आणि परत यायची वाट बंद. किसनला शारजातल्या एका शीतगृहात पुढच्या महिन्यापासून नोकरी मिळाली होती. त्याची एकच विनंती होती आणि ती त्याने तिच्याकडे दोनदा केली होती.

“मॅडम, बाकी काय नको. जाताना नावाला डाग नको. मुलगी नर्सिंगला आहे, दोन वर्षं अजून काढायचीत.”

तिने त्याला म्हटलं होतं, “किसनभाऊ, मी आहे ना.” आणि त्याच संध्याकाळी तिने सुदेशला म्हटलं होतं, “ठीक आहे सर, मी करते ट्रान्सलेट.”

घरी, खलिफा सिटीत, तिने जेवताना हे सांगितलं. उल्हासने, तिच्या नवऱ्याने, आमटीत भात कालवता कालवता ऐकून घेतलं.

“तुला शब्दशःच सांगायचंय ना? मग त्यात खोटं कुठे आलं? तो बसला होता, तू ‘बसला होता’ म्हणणार. उगीच कशाला आपण दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं? रेयांशची यंदा दहावी आहे.”

“एक्झॅक्टली,” रेयांश फोनमधून डोकं न काढता म्हणाला. “इट्स नॉट लाइंग इफ इट्स लिटरल, ममा.”

बापलेक दोघेही समाधानाने जेवत होते. अपर्णाला एकदम आमटीचा वाससुद्धा नको झाला. राग यावा तर हे दोघे वाईट नव्हते. तिने स्वतःची समजूत ऑफिसातून येताना गाडीत ज्या शब्दांत घातली होती, तेच शब्द ते बोलत होते. आपलंच उष्टं कुणी आपल्या ताटात परत वाढावं, तसं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फहद आला. विमा कंपनीचा वकील, तिशीतला, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, बोलणं थोडकं. सुदेशने त्याला हबीबी हबीबी करत खुर्ची दिली. चहा आला. फहदने चहा आणणाऱ्याकडे बघून सहज म्हटलं, “चीनी कम है ना, भाई? पिछली बार तो शरबत पिला दिया था.”

चहावाला हसला. अपर्णा मात्र हातातलं पेन टेबलावर ठेवून बसली. याला हिंदी येते. इथल्या कितीतरी लोकांना येते, लहानपणापासून हिंदी सिनेमे बघून. आणि किसनला कामचलाऊ का होईना, हिंदी येते, या देशात वीस-बावीस वर्षं तो त्याच भाषेवर जगला आहे. दोघांना एकमेकांशी बोलायला मध्ये कोणीच नको होतं. म्हणून तर सुदेशला मराठीचा पुळका आला होता! मातृभाषेत माणूस मोकळा होतो म्हणे. ज्या भाषेत तिच्या आईने तिला भरवलं, तिचा या माणसाने गेटला लावायच्या कुलपासारखा वापर केला होता, आणि किल्ली म्हणून अपर्णाला खिशात घातलं होतं. अपर्णाला त्याची किळस आली. अगदी शब्दशः, घशाशी आली.

किसन आत आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले. खुर्चीच्या टोकावर बसला आणि अपर्णाकडे बघून जरासा हसला. मॅडम आहेत, म्हणजे काळजी नाही, असं ते हसणं होतं.

सुदेशने फोटो टेबलाच्या मधोमध ठेवला. “हं किसनराव, घाबरायचं नाही. मी विचारतो तेवढंच सांगायचं. त्या दिवशी काम बंद होतं ना?”

“होतं.”

“वर्क वॉज स्टॉप्ड,” अपर्णा म्हणाली. आपल्या तोंडून ते इतकं सहज बाहेर पडलं, याचाच तिला धक्का बसला.

“तुम्ही सगळे गेटवर बसला होतात?”

“हो, बसलेलो. दिवसभर बसलेलो.”

“दे सॅट ॲट द गेट. ऑल डे.”

फहदने वहीत काहीतरी लिहिलं. सुदेशने फोटो बोटाने त्याच्याकडे सरकवला. शब्दाला शब्द. एकही अक्षर खोटं नाही. अपर्णाच्या डोळ्यांपुढे उल्हास भात कालवत होता.

“म्हणजे सायबांनीच सांगितलेलं ना,” किसन आपणहून पुढे म्हणाला. “गेटला कुलूप. आम्ही विचारलं, परत जाऊ काय? तर गाडीची काच खाली करून म्हणाले, बसा. म्हणून बसलो. एवढ्या उन्हात कोण हौसेनं बसतो?”

फहदने अपर्णाकडे पाहिलं. सुदेश घाईने मराठीत म्हणाला, “ते राहू दे अपर्णा. विचारलं तेवढंच. पुढचं घेऊ.”

“पण सर, शब्दाला शब्द ना?”

“अपर्णा!” तो हसत होता, पण मानेवरची शीर फुगली होती. “आपण आपली माणसं आहोत. नंतर बोलू.”

आपली माणसं! आयुष्यभर ऐकलेले हे दोन शब्द तिला त्या क्षणी इतके ओशट वाटले, की ऐकल्यावर हात धुवावेत. ती किसनकडे वळली.

“किसनभाऊ, मला नाही जमत हे भाषांतर. या साहेबांना हिंदी येते. तुम्हीच सांगा त्यांना.”

किसनने आधी तिच्याकडे, मग फहदकडे बघितलं. खुर्चीत जरा मागे सरकून नीट बसला.

“ऐसा क्या? पहले बोलना था ना! साब, गेट को ताला था. हम पूछा, वापस जाऊँ क्या? साब बोला, बैठो. तो हम बैठा. वो गोरा आया, फोटू निकाला, गया. हमको तो पानी भी नहीं पूछा.”

“किस साब ने बोला बैठो?” फहदने विचारलं.

किसनने बोट दाखवलं नाही. वडीलधाऱ्या माणसाच्या सवयीने त्याला ते उद्धट वाटलं असावं. त्याने नुसती हनुवटी सुदेशच्या दिशेने उचलली.

फहदने पेनाला टोपण लावलं. कुलूप मालकांचं आणि संप कामगारांचा म्हणे, असं काहीतरी तो हिंदीत स्वतःशीच पुटपुटला आणि उठला. “खलास, मिस्टर सुदेश. यात संप नाही. माझ्या रिपोर्टमध्येही नसेल.” जाताना त्याने किसनशी हात मिळवला.

किसनचं नाव स्वच्छ राहिलं. सुदेश दार लागेपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, “मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो, ते हे असं.” अपर्णाने पेन उचलून पर्समध्ये टाकलं. तोंड उघडलं असतं तर ती नुसती थुंकली असती.

ती खाली गेटवर गेली. आदल्याच रात्री कॅप्टनने नवीन फोटो टाकला होता, बोटीवरचा. खेळाडूंचा नव्या लीगशी करार झाला म्हणे. कामगारांचा विजय. ज्यांच्या मांडीला मांडी लावून हा विजय कमावला होता, ती माणसं नोकरी संपल्याने आपापल्या बॅगा घेऊन बाहेर बसची वाट बघत बसली होती. रिंकच्या दाराखालून वितळलेल्या बर्फाचं पाणी झिरपून आलं होतं. त्याला बर्फात आखलेल्या रेघांच्या रंगाचा आणि जुन्या ओल्या मोज्यांचा मिळून एक आंबूस वास येत होता.

भिकाजीने नाकाला रुमाल लावत म्हटलं, “एवढी वर्षं हेच का आपण आरशासारखं ठेवायचो?”

किसनने एक पुठ्ठा झटकून तिच्यापुढे टाकला. “मॅडम, बसा ना. बसला वेळ आहे.”

वर गेटच्या खांबावर कॅमेरा होता. लाल दिवा लागलेला. अपर्णाने त्याच्याकडे बघितलं, ओढणी सावरली आणि पुठ्ठ्यावर मांडी घातली. उल्हासला काय सांगायचं ते घरी जाईपर्यंत सुचणार होतं, किंवा नव्हतं.

सुदेशची गाडी बाहेर आली. तिच्यासमोर थांबली. काच खाली झाली.

“हे काय अपर्णा? इथे काय करतेयस?”

“बसलेय,” ती म्हणाली. “शब्दाला शब्द लिहून घ्या.”